तुझ्या अंगणातली माझी फांदी

चरोदा
११ जून २०२३

तुळसा,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

तुझ्या मुलाचं पत्र परवा आलं. टाइप केलेलं, इंग्रजीत, रजिस्टर्ड. माझ्या आंब्याच्या फांद्या तुमच्या मालमत्तेवर आल्या आहेत, पानांनी पन्हाळ तुंबते, न्हाणीवरचे पत्रे फुटण्याचा धोका आहे, तरी त्वरित छाटणी करावी, अन्यथा. अन्यथा काय, हे लिहायचं राहिलंय. ज्या परागला मी माझ्या ओट्यावर बसवून एबीसीडी शिकवली, तो मला ‘डिअर मॅडम’ लिहितो! पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून उलट टपाली पाठवल्या आहेत. दहापैकी चार दिले. तेही अक्षरं मशीनची होती म्हणून.

हे तुझं सांगणं आहे का? तसं असेल तर तू लिही. तुझ्या भाषेत लिही, मी चुका काढणार नाही.

झाड माझं, तेव्हा छाटायचं तर मीच छाटीन, त्यासाठी नोटीस लागत नाही. पण ती मोठी फांदी थेट तुझ्या न्हाणीवर गेली आहे. माझ्या बाजूने कापली तर सरळ पत्र्यावर येईल. तिला दोर बांधून तुझ्या अंगणात हळू उतरवावी लागेल. आणि तुझ्या गेटला कुलूप. अडुसष्टाव्या वर्षी मी भिंतीवर चढणार नाही. तुझे पंजाबराव असते तर त्यांनी रेल्वे यार्डातली दोन माणसं आणून शंटिंग केल्यासारखी ती फांदी उतरवली असती. ते नाहीत, माझा नरेशही नाही. दोघींचेही नवरे गेले, तेव्हा किल्ली घेऊन तू ये.

दोन महिन्यांसाठी परागकडे जाते म्हणाली होतीस. दिवाळी गेली, होळी गेली, आता आंबेही संपत आले. तुझ्या अंगणात पडलेले तिथेच नासतायत. संध्याकाळी त्यांचा वास माझ्या स्वयंपाकघरात येतो. मोगऱ्याला भिंतीवरून पाइपाने पाणी मारते, तेवढा जगला आहे.

फोन करून उपयोग नाही. तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू न ऐकताच ‘हो हो’ म्हणतेस. परवा मी विचारलं, कधी येतेस? तू म्हणालीस, हो हो, जेवली.

सत्यशीला


वडोदरा
२९ जून

सत्यशीलाबाई,

तुमचं पत्र भेटलं. मले तं त्या नोटिशीचं माहीतच नव्हतं. परागनं तुमचे लाल लाल निशान दाखवले तवा समजलं. थो लई चिडला, मग हसला. म्हणे, काकू अजून तशीच हाय.

बाई, फांदी कापू नका. मी दिवाळीले येतो म्हणून ठरवलं हाय. आली की आपण दोघी उभ्या राहून कापू. तोवर लागलं तं दोर बांधून ठेवा. पत्रा फुटला तं फुटू द्या, पत्र्याले काय होते.

इथं नवव्या मजल्यावर राहतो आमी. खिडकीतून झाडाचे शेंडे दिसतात, पण वरून. झाड वरून पाहाले बेकार दिसते बाई, माणसाच्या टकलावानी. खाली काय पडते, कोण उचलते, काही समजत नाही. सून ममता चांगली हाय, माह्यं सगळं करते. आंबे पेटीतून येतात. गोड असतात, पण सगळे एकासारखे एक. आपल्यातला एखादा कसा आंबट निघे, तोंड वाकडं होये, तसा एकही नाही.

ह्या साली लई लागले होते का? माह्याकडचे कोणी उचलले नाही, हे वाचून मले कसंतरीच झालं. खारीनं खाल्ले असतील तं बरं. न्हाणीच्या वरची ती फांदी, जिले दोन फाटे हायेत, तिच्यातले सगळ्यात गोड. तिले हात लावू नका.

मोगऱ्याले पाणी देता, तुमचे उपकार.

तुळसा


चरोदा
२२ जुलै

तुळसा,

पेन्सिल? सासरी माहेरी कुणी पेन विकत घेऊन दिलं नाही का? शाळेत कुणी मला पेन्सिलीने निबंध दिला असता तर मी तो खिडकीबाहेर टाकला असता. अर्धी अक्षरं पुसली गेली आहेत. ‘सगळ्यात गोड’ मी अंदाजाने वाचलं.

आता ऐक. गुरुवारी माझ्या गेटसमोर एक मोटार थांबली. त्यातून भय्याजी उतरला, तोच, ज्याने स्टेशनरोडवरचे निम्मे प्लॉट विकले. बरोबर दुर्गचं एक तरुण जोडपं. भय्याजी तुझ्या घराकडे बोट दाखवून बोलत होता आणि ती मुलगी आंब्याकडे बघत होती. मी गेटवर गेले. म्हटलं, कोणाचं काय काम आहे? भय्याजी म्हणाला, “मॅडम, बस ये पेड़ का थोड़ा देख लीजिए. इन लोग को मकान पसंद है, डाली भर हट जाए तो बयाना हो जाएगा.”

मी म्हटलं, “मकान किसका बिक रहा है?”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मीच काहीतरी लपवते आहे.

तुळसा, घर विकायला काढलंय? आणि हे मला भय्याजीने सांगावं? त्या भिंतीचा पाया नरेशने आणि पंजाबरावांनी एकाच दिवशी भरला, सिमेंट कमी पडलं तर आमच्या पोत्यातलं तुमच्यात ओतलं. तुला सांगायला तोंड नव्हतं?

मग ऐकून ठेव. ती फांदी मी कापणार नाही. झाड माझं आहे. कोर्टात जाऊ दे परागला. न्यायाधीशालाही मी चुका काढून देईन. फांदी आहे तोवर बयाना नाही, बयाना नाही तोवर घर तुझं आहे. तू दिवाळीला ये आणि माझ्या समोर उभी राहून सांग, की विकायचं आहे. मग बघू.

आणि पेनाने लिही.

सत्यशीला


चरोदा
३० सप्टेंबर

तुळसा,

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. माझं मागचं पत्र फार कडक होतं, असं आता वाटत नाही. तेव्हाही वाटत नव्हतं. पण उत्तर न देणं तुझ्या स्वभावात नाही. तू भांडण मनात ठेवणारी नव्हेस, भिंतीपाशी येऊन संपवणारी.

मागच्या आठवड्यात मला ताप आला. इथे घरोघरी आहे, काळजी नको. पडल्या पडल्या वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायला घेतलं. पाठीवर पडून, पेपर वर धरून. दोन ओळी झाल्या आणि पेन थांबलं. झटकलं, पुन्हा थांबलं. दुसरं घेतलं, तेही तसंच. मग मला उमगलं, की उताणं पडून लिहिताना शाई खाली उतरत नाही. उशीखाली पेन्सिल होती, ती चालली.

मग उठून तुझं जूनचं पत्र काढलं.

तुळसा, तू केव्हापासून पलंगावर आहेस?

सत्यशीला


वडोदरा
१८ ऑक्टोबर

सत्यशीलाबाई,

तुमच्यापासून काही लपत नाही. लेकराच्या तोंडावरून समजे तुमाले, कोणी अभ्यास नाही केला थे.

मी फेब्रुवारीत न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नीट बसलं नाही, मग पुन्हा झालं. बसवतात, पण घटकाभर. मी परागले सांगतलं होतं का बाईले नाही सांगाचं. तुम्ही तिथं एकट्या, ऐकून काय करता. अन् तुम्ही ओरडल्या असत्या का मी गेलीच कावून. म्हणून दिवाळीले येतो लिवलं. लिवताना मले खरंच वाटे का येईन.

घराचं मी मनानं करून राहिली. पराग नाही म्हणे. म्हणे, आई, तुह्यं घर हाय, राहू दे. मीच म्हटलं, बंद घराले वाळवी लागते. थो रडला बाई, तुमचा पराग. त्यानं मग थे कागद तसं इंग्रजीत लिवलं कारण त्याले मराठीत तुमाले लिहाले जमलं नाही. इंग्रजीत माणूस कोणालेही काहीही लिवते.

आता एक सांगतो. तुमाले वाटे आमच्या अंगणात आंबे पडत होते. बाई, एवढे कुठं पडतात?

आमच्या सासूबाई कशा होत्या, तुमाले माहीत. तुमच्या घरातलं त्याईले चालत नव्हतं. पहिल्या साली तुम्ही शेजारी म्हणून ताट पाठवलं होतं, थे जसं झाकलं होतं तसं त्याईनं माह्याच हातानं परत पाठवलं. तुम्ही दार उघडलं, ताट घेतलं. तुमचा चेहरा मले अजून दिसते. मग आंबा मोठा झाला, फांदी इकडे आली, पहिला आंबा आमच्या अंगणात पडला. सासूबाईनं उचलला, धुतला, खाल्ला. म्हणे, आपल्या जमिनीवर पडलं थे आपलं, कोणाच्या घरचं नाही. तोडलेला मात्र चालत नव्हता. तोडला तं तुमच्या झाडाचा होये. पडला तं देवाचा.

मग मी काय करो, दुपारी तुम्ही उन्हाळ्याच्या वर्गाले शाळेत गेल्या अन् सासूबाई झोपल्या का, बांबूनं ती फांदी हालवो. धप धप पडत. सासूबाई उठत अन् म्हणत, आज वारा होता का वं? मी म्हणो, होता जी, लई. जूनच्या दुपारी चरोद्यात कुठून आला वारा! पण त्याईनंही कधी खिडकी उघडून पाह्यलं नाही.

त्या गेल्यावर तं मी तुमच्या ओट्यावरच जेवाले लागली. पण फांदी हालवाची सवय गेली नाही.

आता कापा बाई. मी सांगून राहिली, परागनं नाही. त्या पोरीच्या घरावर पत्रा फुटून भांडण नको. आता तुमच्या बाजूले भांडाले मी नाही.

अन् किल्ली. किल्ली तुमच्याच घरी हाय. फ्रीजच्या मांगच्या खिळ्यावर. मी गेली त्या दिवशी तुमच्याच हातात देली होती. जूनमध्ये तुम्ही किल्ली घेऊन ये म्हणून लिवलं, तवाच मले समजलं होतं तुमाले काय पाहिजे. 

तुळसा


चरोदा
१२ डिसेंबर

प्रिय तुळसा,

किल्ली खिळ्यावरच होती. रोज फ्रीज उघडताना मला ती दिसायची. तेव्हा त्यावर अधिक बोलू नये.

थंडी धरल्यावर फांदी कापली. वरच्या पातळ डहाळ्या उतरवायला झाडं छाटणारा चिंधू आला होता. मोठ्या फांदीला मी त्याला हात लावू दिला नाही. तुझं गेट उघडलं, पहिल्यांदा. तुझ्या अंगणात माझीच वाळलेली पानं ढोपरभर. तुझी बाज भिंतीला उभी होती तशीच. मी ती आडवी केली, तिच्यावर बसले, चहा प्यायले आणि मग शिडी मागवली.

नरेश दाखवायचा तशीच कापली. आधी खालच्या बाजूने थोडा काप, मग वरून, जरा पुढे. नाहीतर फांदी आपल्या वजनाने तुटते आणि खोडाची साल सोलत खाली नेते. दोराने ती हळूहळू उतरली. पत्र्याला ओरखडाही नाही. मग उरलेला खुंट खोडालगत साफ केला. चिंधू म्हणाला, “मॅडम, पूरा पेड़ उधरइच झुका है, इधर तो कुछ छोड़ा नहीं किसी ने.”

याचं उत्तर तुला देते.

झाड तुमच्याकडे आपणहून झुकलेलं नाही, तुळसा. मी झुकवलं. आंबा नंदिनी नगरहून आणून नरेशने लावला तेव्हा तो सरळ होता, चारी बाजूंनी सारखा. ताट परत आलं त्या दिवशी मी ठरवलं होतं, की त्या घरात पुन्हा काही पाठवायचं नाही. आम्ही कोण, हे तुझ्या सासूला भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहून कळलं होतं, आणि मला ती तसबीर काढायची नव्हती. मग एक दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, की ती अंगणातला आंबा उचलून पदराला पुसते आहे. त्यानंतर दर पावसाळ्याआधी मी नरेशला सांगायचे, इकडची फांदी काप, विजेच्या तारा आहेत. तिकडची काप, कपडे वाळत नाहीत. तो विचारायचा, “मग शेजारी जाते ती?” मी म्हणायचे, “ती राहू दे.” तो हसायचा. तीन बाजू छाटल्या की झाडाचं सगळं बळ चौथीकडे जातं. फांदी तुझ्या न्हाणीपर्यंत पोचली ती अशी. लहानपणी सिस्टरांनी शिकवलेलं गणित हे. कॉन्व्हेंटात देणं आणि न दाखवणं फार चांगलं शिकवत.

त्या बाईला खायला घालणं हा माझा बदला होता. प्रेम म्हणू नकोस, मला आवडणार नाही. पण तू आत बांबू घेऊन उभी आहेस हे मला माहीत असतं तर मी शाळेला एखाद्या दुपारी दांडी मारली असती.

आता झाड फार विचित्र दिसतं. तिकडचं तू सांगितलंस म्हणून गेलं, इकडचं मीच कधी ठेवलं नव्हतं. मधोमध थोडी पानं. उन्हं सरळ माझ्या ओट्यावर येतात, जिथे तू बसायचीस.

बयाना झाला. भय्याजी पेढे घेऊन आला होता. मी घेतले नाहीत, मग वाटलं हे बरोबर नाही, आणि घेतले.

तुझी
सत्यशीला


चरोदा
८ जून २०२४

प्रिय तुळसा,

मला वाटलं होतं ह्या वर्षी मोहोर धरणार नाही. पण मधल्या पानांत थोडे लागले. थोडेच, पण लागले.

तुझ्या घरातली नवी मुलगी काल भिंतीपाशी आली. चांगली आहे, जरा जास्त बोलते. म्हणाली, “आंटी, पहले वाले बोलते थे इधर बहुत आम गिरता था. अब कुछ नहीं गिरेगा क्या?” मी म्हटलं, “गिरेगा नहीं. घर आकर ले जाना.” ती लगेच आली, चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. तसबिरीकडे बघून म्हणाली, फोटो छान आहे, कुठे मिळतो. तुझ्या सासूची आठवण झाली आणि मला एकटीलाच हसू आलं.

परागच्या पत्त्यावर पार्सल पाठवते आहे. अर्धवट पिकलेले आहेत, गवतात घातले आहेत, पोचेपर्यंत होतील. एखादा आंबट निघेल. हे पडलेले नाहीत. मी शिडीवर उभी राहून देठासकट तोडले आहेत. माझ्या झाडाचे, माझ्या घरचे.

सोबत एक ताट आहे. त्याची कड एका बाजूला चेपलेली आहे. तू ओळखशील, एकदा तुझ्याच हातांनी ते माझ्या दारात आलं होतं. तेव्हापासून मी त्यात कोणाला काही वाढलं नाही.

ताट मला परत हवंय. पोस्टाने नको, आणि परागच्या हातीही नको. मधल्या खोलीत पलंग लावून ठेवला आहे, न्हाणीत पकडायला दांडा बसवून घेतला आहे. दुर्गला उतरलीस तर चरोद्याला लोकल आहे, पण मी गाडी करीन.

तुझी
सत्यशीला


वडोदरा
२७ जून

सत्यशीलाबाई,

आंबे भेटले. तोडलेले होते. सगळे खाल्ले. एक इतका आंबट निघाला का माह्या डोळ्यातून पाणी आलं, ममता घाबरली.

ताट पलंगाखाली ठेवलं हाय. कोणाले हात लावू देत नाही.

हे पत्र पेनानं लिवून राहिली. पाहून घ्या.

तुळसा